एकवीस दिवसांचं कुटार

"एवढी अक्कल हाय तुह्यात, मंग तोंड मिटाची अक्कल कोठी गेली होती वो सकाळी?"

सुखदेव असं बोलणारा माणूस नव्हता. भैय्याजींच्या घरी चौदा वर्षं सालदारकी करून त्याचा आवाजच बसला होता. बैलाला हाकलतानाही तो विनवणी केल्यासारखा हाकलायचा. बायकोवर आजवर तो फार तर चारदा ओरडला असेल. आज पाचवी वेळ, आणि तीही हातातलं काम न सोडता. युरियाचं पाणी डब्यानं खड्ड्यात शिंपडत होता आणि शिंपडता शिंपडताच ओरडत होता.

खड्ड्यात इंदू उभी होती. लुगडं खोचून, गुडघाभर कुटारात, पायांनी कुटार दाबत. फागणाचं ऊन डोक्यावर चढलं होतं आणि बारीक काड्या घामानं पोटऱ्यांना चिकटल्या होत्या.

"पाणी बरोबर टाका. एकाच जागी वतून राहिले तुमी," ती म्हणाली.

"पाण्याचं सोड. साहेबाले कायले सांगतलं ते सांग."

"त्यानं इचारलं. मी सांगतलं."

"इचारलं म्हून सांगतलं! उद्या तो इचारन, घरात काय पुरून ठेवलं, तं तेही सांगशीन?"

नवरा खरं बोलत होता. नवरा खरं बोलला म्हणजे तिला जास्तच राग यायचा. तिनं तो सगळा राग पायांत उतरवला आणि कुटार असं दाबलं की थर चार बोटं खाली गेला.

आता ह्या कुटाराची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल. नाहीतर तुम्ही म्हणाल, ढोराच्या खाण्यावरून नवरा-बायकोनं एवढं काय भांडावं!

सोयाबीन तेव्हा आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात नवंनवं आलं होतं. कपाशी अन् संत्रा सोडून तिसरं काही पेरायचं म्हटलं की लोक डोकं खाजवायचे. भैय्याजींनी मात्र आमच्या खैरीत पहिल्यांदा हिंमत केली आणि दोन वावरांत सोयाबीन टाकलं. दाणा निघाला, बाजारात गेला. मागं राहिलं कुटार, म्हणजे भुसा. गव्हाचं कुटार ढोरं खातात, तुरीचं खातात, हरभऱ्याचं तर एकमेकांना शिंगं मारून खातात. ह्याला कोणी तोंड लावेना. काड्या टणक, टरफलं टोचणारी. मग काय, खळ्याच्या बाजूला ढीग लावायचा अन् काडी ओढायची. दिवाळीच्या आधी आठ दिवस गावभर धूर. भैय्याजींचं पाहून दुसऱ्यांनी सोयाबीन पेरलं आणि भैय्याजींचं पाहूनच कुटार जाळलं.

त्याच सुमाराला इंदूच्या घरी योजनेतून जरसी गाय आली. बौद्ध मोहल्ल्यातली पहिली जरसी. गाय देणाऱ्यांनी गाय दिली, फोटो काढला, निघून गेले. चारा कोण देणार? सालदाराला ना वावर ना गवत कापायला बांधाचा धुरा. पहिल्याच उन्हाळ्यात गाय अशी वाळली की बघणाऱ्याला वाईट वाटावं. दूध म्हणाल तर घरच्या चहालाही पुरेना.

तशात रामाकोन्याला ढोराच्या डाक्टरचं शिबिर झालं. चौकसे साहेब नावाचे जबलपूरकडचे साहेब होते. पुस्तकातून वाचून सांगायचे, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. शंभर किलो कुटार, चार किलो युरिया, चाळीस लिटर पाणी. थर द्या, शिंपडा, दाबा, झाका. एकवीस दिवस उघडू नका. बाया पेंगत होत्या. चहा कधी येतो ते बघत होत्या. इंदू एकटी तोंडातल्या तोंडात घोकत बसली होती, शंभर, चार, चाळीस, एकवीस.

पाडव्याला सालदाराचं साल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा मोबदला, नव्यानं ठरतं. त्या पाडव्याला सुखदेवच्या मागं ती स्वतः भैय्याजींच्या ओसरीपाशी गेली आणि म्हणाली, "मालक, सोयाबीनचं कुटार जाळू नका जी. ते सालात आमच्या नावानं लावा."

भैय्याजी खोकला येईपर्यंत हसले. "घेऊन जा बाप्पा! राख झाडाचा तरास वाचला."

पहिला खड्डा उघडला तेव्हा मात्र इंदूच रडली. वाफेसारखा असा काही उग्र वास अंगावर आला की डोळे झोंबले. गाईनं एकदा हुंगलं, फुर्र करून शिंकली आणि दोन दिवस खड्ड्याकडे पाठ करून उभी राहिली. पुस्तकवाले साहेब ह्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. पण इंदूनं हात टेकले नाहीत. तिनं ते कुटार सकाळीच काढून सावलीत पसरलं, वास उडू दिला, दुपारी तुरीच्या चुनीत मूठभर मिसळून गाईच्या पुढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. चौथ्या दिवशी टोपलं. आठव्या दिवशी गाय कुटाराचं टोपलं दिसलं की हंबरायला लागली. पुढं पुढं तर तिला सावलीत पसरलेलंही नको झालं. खड्ड्यातून काढलं की तिथंच तोंड घालायची.

आणि दूध चढलं. तीन, चार, मग सहा लिटर.

सहा लिटर दूध म्हणजे काय, ते इंदूला विचारा. आमच्याकडे सालदार एकटा बांधला जात नाही, त्याची बायकोही बांधली जाते. मालकाच्या गोठ्यातला शेणपुंजा तिनंच करायचा. इंदूनं तो तेरा वर्षं केला. पहाटे टोपलं घेऊन जायचं, वीस ढोरांचं शेण उचलायचं, आणि मालकीणबाई प्रेमलताबाईंनी पदर नाकाला लावून बोटानं दाखवायचं, "तिकडं राह्यलं वो, तिकडं." ज्या दिवशी जरसी सहा लिटरवर गेली, त्या दिवसापासून इंदू शेणपुंज्याला गेली नाही. कोणाशी भांडली नाही. फक्त गेली नाही. प्रेमलताबाई ते अजून विसरल्या नव्हत्या.

तर हे सगळं कशावर उभं होतं? भैय्याजींना जे जाळायचं होतं त्यावर. त्यात काही दम आहे हे त्यांना जोवर माहीत नाही तोवर. मोहल्ल्यातल्या आणखी चार बायांनीही आपापल्या मालकाकडून असंच कुटार मागून घेतलं होतं. शेजारची लीलाबाई त्यातली एक, तिच्याकडे म्हैस होती. सगळ्यांनी ठरवलं होतं, कोणी विचारलं तर कुटार चुलीत घालतो म्हणायचं.

आणि आज सकाळी दुधाच्या केंद्रावर इंदूनंच माती खाल्ली. चौकसे साहेब योजनेच्या गाई बघायला आले होते. तिचं दूध मापात पडताना त्यांनी पाहिलं.

"छे लिटर? क्या खिलाती हो बाई?"

भोवती दहा माणसं उभी होती. त्यांतल्याच तिघांनी गाय आली तेव्हा म्हटलं होतं, महिनाभरात हाडं गोळा करतील. इंदूची मान ताठ झाली. जीभ सुटली.

"सरकीची ढेप नाई, काई नाई जी. सोयाबीनचं कुटार! तुमीच तं सांगतलं होतं रामाकोन्याले. चार किलो युरिया, चाळीस लिटर पाणी, एकवीस दिवस."

साहेब बघतच राहिले. चाळीस गावांत त्यांनी हे सांगितलं होतं. कोणी खरंच करून पाहील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. वर मार्च महिना आलेला, आणि हर गावात एक प्रात्यक्षिक फोटोसकट झालं पाहिजे असा हुकूम. साहेबांनी मोटरसायकलला लाथ मारली आणि सरळ भैय्याजींचं घर गाठलं. इंदूच्या घरी कशाला जातील? सरकारी प्रात्यक्षिकाला खुर्च्या लागतात, चहा लागतो, फोटोला मागं भिंत लागते.

म्हणून सुखदेव ओरडत होता.

"पाडवा महिन्यावर आला," तो म्हणाला. आता आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली आला होता. "भैय्याजी आता कुटार सोडतीन का? जरसी इकाच लागंल मंग. अन् तुले..."

"मले म्हाईत हाय मले काय," इंदू म्हणाली. शेणाच्या टोपल्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दुपारी भैय्याजींचा निरोप आला. आठ टोपली कुटार घेऊन ये. म्हणजे इंदूच्या ढिगातलंच कुटार, इंदूच्याच डोक्यावरून, भैय्याजींच्या खड्ड्यात. नेताना लीलाबाई सोबत होती.

"इंदे, मी सांगू का," लीलाबाई हळूच म्हणाली, "युरिया कमी टाकजो. नाईतर झाकण उघडं ठेवजो एका बाजूनं. सडून जाईन. मंग बसतीन बोंबलत."

इंदूनं डोक्यावरचं टोपलं सावरलं. मग म्हणाली, "नाई वो लीलाबाई. माह्या हातानं बिघडलं असं कोणी म्हणाले नाई पाह्यजे. साहेब जे सांगन तेच करीन. तेवढंच करीन."

लीलाबाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती टोपल्याखाली अशी हसली की तिच्या डोक्यावरचं अर्धं कुटार सांडलं.

भैय्याजींच्या अंगणात खड्डा भरला गेला. साहेब खुर्चीवर बसून पुस्तकातून वाचत होते आणि इंदू एकेक करत होती. चार किलो म्हटलं, चार किलो. दाबा म्हटलं, दाबलं. झाका म्हटलं, झाकलं. "शाबाश!" साहेब म्हणाले. "इक्कीस दिन बाद खोलेंगे, भैय्याजी. आपकी गाय के सामने रखेंगे, फोटो लेंगे. पूरा जिला देखेगा."

"माही चंद्री, साहेब!" भैय्याजी म्हणाले. "अस्सल गवळाऊ. हिची माय आरवीहून आणली होती आमच्या बापानं. हिच्या आजीले तं..."

चंद्रीचं खानदान सांगायला बसले की भैय्याजींना चहा निवतो ते कळत नसे. पांढरीशुभ्र, देखणी गाय होती, त्यात खोटं काही नाही. सरकीची ढेप, मक्याचा भरडा, वरून गूळ, असा थाट. दूध दोन लिटर. पण ते कोणी विचारत नसे.

एकवीस दिवस इंदूला वैऱ्यासारखे गेले. मोहल्ल्यातल्या बाया येता जाता तिला विचारत, "किती राह्यले वो?" आणि ती बोटं दाखवी. सुखदेवला तिनं काही सांगितलं नाही. सुखदेवच्या पोटात जे असेल ते त्याच्या तोंडावर दिसतं, हे तिला सतरा वर्षांत पाठ झालं होतं. तो बिचारा रोज गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि सुस्कारे टाकायचा.

एकविसाव्या दिवशी सकाळी भैय्याजींच्या अंगणात सडा पडला. सात खुर्च्या, सौंसरहून बोलावलेला फोटोवाला, एक नारळ. भैय्याजींनी कडक धोतर नेसलं होतं. चंद्रीच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ. प्रेमलताबाई नवं लुगडं नेसून ओसरीवर. अर्धं गाव कुंपणाशी लोटलं होतं आणि मोहल्ल्यातल्या बाया एका बाजूला पदर तोंडावर घेऊन उभ्या होत्या. फार अदबीनं उभ्या आहेत असं साहेबांना वाटलं.

"चलो बाई, खोलो."

इंदूनं झाकण काढलं.

खड्ड्यातला कोंडलेला वास भस्सकन वर आला. फोटोवाल्यानं डोळे मिटले. पुढच्या खुर्चीवरचे सरपंच खुर्ची घेऊनच मागं सरकले. प्रेमलताबाईंनी सवयीनं पदर नाकाला लावला आणि आत निघून गेल्या.

"थोडा गैस है," साहेब डोळे पुसत म्हणाले. "कुछ नहीं. रखो गाय के सामने."

"आत्ताच ठेवू जी?" इंदूनं विचारलं. एवढी एक संधी तिनं साहेबांना दिली, पुढं आपल्या मनाला टोचणी लागू नये म्हणून.

"और कब? अगले साल?"

"ठेवते जी."

तिनं टोपलं भरलं आणि चंद्रीच्या पुढं ठेवलं, वासासकट, वाफेसकट. चंद्रीनं गूळ असेल समजून मोठ्या विश्वासानं तोंड घातलं. मग जे झालं ते खैरीत अजून सांगतात. गाय शिंकली, एकदा, दोनदा, चारदा. मान झटकली, माळ तुटली. खुंटा उपटून ती मागं फिरली ती थेट खुर्च्यांमध्ये. साहेबांचं पुस्तक चिखलात, नारळ कुठं गेला पत्ता नाही. तिला धरताना भैय्याजींचं कडक धोतर गुडघ्यापर्यंत शेणानं भरलं.

बायांच्या बाजूला खोकल्याची साथ आली.

"आदत नहीं है, आदत नहीं है," साहेब म्हणत होते, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. इंदूकडे वळून म्हणाले, "तेरी गाय तो खाती है न, बाई?"

"खाते जी."

"कैसे खाती है?"

"तोंडानं खाते जी."

हसू फुटलं. इंदूला वाटलं, झालं, सुटलो. आणि तेवढ्यात तिनं पाहिलं, सुखदेव कुंपणाजवळून पळत येतोय आणि त्याच्या हातात दावं आहे आणि दाव्याला जरसी. भोळा माणूस! मालकाची आणि साहेबाची अब्रू चालली म्हणून, कोणी सांगितलं नसताना, धावत जाऊन स्वतःची गाय सोडून आणली.

इंदू दोन पावलं पुढं धावली. "अवो..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

जरसीला लांबूनच वास आला. तिनं कान टवकारले, हंबरली, आणि सुखदेवला ओढत सरळ खड्ड्यापाशी येऊन तोंड घातलं ते घातलंच. कचाकचा खाऊ लागली. शेपटी हलवीत, डोळे अर्धे मिटून, घरी लग्न असल्यासारखी. सगळे बघत होते. बायांचा खोकला थांबला.

संपलं, इंदूच्या मनात आलं. कुटार गेलं. गाय गेली. आणि एवढं असूनही, खोटं कशाला सांगू, तिला त्या क्षणी आपल्या गाईचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. कशी खाते माही बाय! दाखव त्याइले!

"देखा!" साहेब ओरडले. "देखा, भैय्याजी! देखा आपने?"

भैय्याजी धोतर झटकत खड्ड्याशी आले. गाईकडे बघितलं. सुखदेवकडे बघितलं. सगळ्या गावाकडे बघितलं. एवढा पुरावा समोर उभा राहून खात होता की आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि भैय्याजी हसले. तेच, खोकला येईपर्यंत.

"साहेब, तुमीही साधेच मानूस! भुकेल्या घरची गाय हाय ते. तिले बारदाना टाका, बारदाना खाईन. माह्या चंद्रीची अन् तिची बराबरी करता?"

"लेकिन दूध छे लिटर..."

"जरसी हाय साहेब, विलायती जात. तिले काई समजते का खाण्यातलं? चंद्री खानदानी हाय म्हून शिंकली. जनावराले बी आपली पायरी समजते." मग ते इंदूकडे वळले. "काय वो, खरं सांग सगळ्याइसमोर. ढेप कधी दाखवली हिले? पोटभर कधी घातलं?"

सगळं अंगण इंदूकडे बघायला लागलं.

गाय जेवल्याशिवाय इंदू स्वतः जेवत नसे. ती स्वतः आजारी पडली होती तेव्हा लीलाबाईच्या हातापाया पडून चारा घालून घेतला होता तिनं. गावात एकही गाय जरसीइतकी भरल्या अंगाची नव्हती. हे ओठांवर आलं होतं. दुधाच्या केंद्रावर आलं होतं तसंच, तितक्याच जोरानं. तिनं ते गिळलं.

"कोठून जी," ती खाली बघत म्हणाली. "गरिबाच्या घरी कोठली ढेप. भुकेलीच राह्यते बिचारी. देल्लं ते खाते."

"आयकलं, साहेब?" भैय्याजी म्हणाले.

सुखदेव बायकोकडे असा बघत होता की जणू तिनं त्याच्या तोंडात मारली.

साहेबांनी उसासा टाकला. फोटोवाल्याला हळूच म्हणाले, "ये लोग सीखना ही नहीं चाहते." पण हुकूम हुकूम असतो, फोटो तर पाहिजेच. चंद्री काही खड्ड्याजवळ येईना. शेवटी खाणारी जरसीच उभी केली, तिच्या पाठीवर भैय्याजींचा हात ठेवला आणि भैय्याजींना पागोटं घालायला लावलं.

"बाई, जरा बाजूला हो," फोटोवाला इंदूला म्हणाला. "तुझी सावली येऊन राहिली."

घरी जाताना सुखदेव पुढं, मधे गाय, मागं इंदू. मोहल्ल्याचं वळण आल्यावर तो थांबला.

"आपल्या जरसीले भुकेली म्हणलं तुनं," तो म्हणाला. "चारचौघात."

"म्हणलं."

"कावून?"

"ते भुकेली नको राहाले म्हून." आणि मग एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. "मले लागलं नसंल का? तुमाले कोणी सांगतलं होतं गाय आणाले? कोणी सांगतलं होतं?"

सुखदेवनं गाईकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याला हळूहळू सगळं कळत गेलं, आणि कळलेलं लगेच त्याच्या तोंडावर दिसायला लागलं. इंदूनं डोळे पुसले आणि पाडव्याला काय करायचं ते मनात ठरवलं.

पाडव्याच्या सकाळी दोघं भैय्याजींच्या ओसरीपाशी गेली. इंदूनं नवऱ्याला दारातच बजावलं होतं, जमिनीकडं पाहाचं, होय जी म्हणाचं, बस. सालाचं बोलणं झालं. धान्य, धोतरजोडी, जोडे, नेहमीचं सगळं. भैय्याजी उठायला लागले तशी इंदू पुढं झाली.

"मालक, एक म्हणाचं होतं जी. ते सोयाबीनचं कुटार यंदा नको आमाले. त्याच्या बदली एक लुगडं द्या."

सुखदेवची मान झटकन वर आली. इंदूनं त्याच्या पायावर पाय दिला. मान खाली गेली.

"नको म्हणजे?" भैय्याजी पुन्हा बसले. "अन् खळं कोण साफ करन? तुह्या भरवशावर मी यंदा तिसऱ्या वावरात बी सोयाबीन टाकून राहिलो. त्याचा ढीग का माह्या डोक्यावर ठेवू?"

"जाळा ना जी."

"मागच्या खेपेले जाळलं तं संत्र्याची चार झाडं होरपळली धुऱ्यावरची! ते काई नाई. कुटार उचलाच लागंल."

"मालक, गाय मरन ना जी ते खाऊन खाऊन. तुमीच तं पाह्यलं, चंद्री कशी शिंकली."

चंद्रीचं नाव निघालं तसे भैय्याजी खूश झाले, आणि खूश झाले म्हणून जास्तच कडक झाले. "चंद्रीची गोष्ट सोड. तुमच्या गाईले पचते. तीनही वावराचं कुटार, दाणा निघाल्यापासून आठ दिवसांत साफ. एक काडी दिसली नाई पाह्यजे. हे सालात लागलं, सुखदेव. कबूल?"

"होय जी," सुखदेव जमिनीकडे बघत म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. भैय्याजींना वाटलं, रडतो.

तेवढ्यात प्रेमलताबाई दारात आल्या. त्या आतून ऐकत असाव्यात. "गाय एवढी उपाशी हाय तं हिले म्हणा, शेणपुंज्याले येत जा. मी देईन मूठभर ढेप."

ह्याचं उत्तर इंदूनं तयार ठेवलं नव्हतं.

"आता कायचा शेणपुंजा?" भैय्याजी बायकोवर खेकसले. "तीन वावराचं कुटार वाहाचं हाय तिले! हिच्या अंगात जीव किती? आधी माहं खळं साफ झालं पाह्यजे. शेणाचं तुमी पाहा."

"जशी मालकाची मर्जी," इंदू पुटपुटली आणि पदरानं डोळे टिपत पायऱ्या उतरली.

रस्ताभर ती कपाळ बडवत आली, ओसरीवरून दिसत होतं तोवर. मोहल्ल्याच्या तोंडाशी लीलाबाई वाट बघत उभी होती, आणि तिच्यामागं बाकीच्या बाया.

"काय झालं वो इंदे? रडून कावून राहिली? कुटार गेलं का?"

इंदूनं मागं वळून पाहिलं. ओसरी आता दिसत नव्हती. तिनं पदर सोडला.

"सजा देल्ली बाई मालकानं," ती म्हणाली. "तीनही वावराची."